वाळूजची खानावळ: भाकरी एक नंबर, वरण पाणचट

बजाजचा कारखाना 1985 ला आला, तेव्हापासून संभाजीनगरजवळच्या वाळूजला खानावळींचा तोटा नाही. ही तशी नवी. खानावळवाले भाऊ आधी एका छोट्या कारखान्यात मोल्डिंगवर होते. तिथल्या शेठनं तोच माल चीनहून स्वस्तात मागवायला सुरुवात केली अन् लाइनच बंद केली. कंत्राटी कामगार, भरपाई कसली? मग वहिनींनी परात काढली.

ज्वारीची भाकरी टम्म फुगलेली, पापुद्रा अलगद सुटतो. शेंगदाण्याचा ठेचा खलबत्त्यातला, मिक्सरचा नाही. वरण मात्र पाणचट. डाळीचे भाव बघता बोलवतही नाही. डबा कधी कधी उशिरा येतो. पोरगा कॉलेज सोडून सायकलवर पोचवतो, त्याला कोण रागावणार! महिन्याचे पैसे आगाऊ द्या, त्यांचा किराणा उधारीवर चालतो.