क्लेचा प्रोजेक्ट: पावडर हलवायची की अख्ख्या खडकातून डिफ्यूजन?

एमएससीच्या डेझर्टेशनला अणुकचरा आणि क्ले, म्हणजे कचऱ्यातली किरणोत्सारी मूलद्रव्यं क्ले कितपत धरून ठेवते, हा विषय घ्यायचं ठरलंय पण बॅच की डिफ्यूजन इथे अडलाय, तर माझं मत आधीच सांगतो, ताळगावच्या पठारावर, गोवा विद्यापीठात बसून एका सेमिस्टरमध्ये पुरं करायचं असेल तर बॅच, आणि तेही साध्या सिझियम क्लोराइडने. ते रेडिओअ‍ॅक्टिव्ह नसतं, केमिस्ट्री मात्र अणुकचऱ्यातल्या सिझियम-137 सारखीच.

बॅच म्हणजे क्लेची पावडर सिझियमच्या पाण्यात घालून शेकरवर ठेवायची, मग सेंट्रिफ्यूज करून वरच्या पाण्यात किती उरलं ते मोजायचं, जे कमी झालं ते क्लेने धरलं, त्यावरून केडी निघतो, म्हणजे क्लेवर बसलेल्या आणि पाण्यात उरलेल्या सिझियमचं गुणोत्तर. पण एकाच कॉन्सन्ट्रेशनवर केडी काढून थांबू नका प्लीज. इलाइट या क्ले-खनिजाच्या झिजलेल्या कडांना सिझियम फार घट्ट बसतं, पण तशा जागा मोजक्याच, त्या भरल्या की केडी धाडकन खाली येतो. पोटॅशियमही त्याच जागांसाठी भांडतं, म्हणून डिस्टिल्ड वॉटरमध्ये आलेला छान आकडा काही कामाचा नाही, खडकातल्या पाण्यासारखं खारं पाणी बनवून घ्या.

डिफ्यूजनमध्ये दळायचं नाही, खडकाची चकती दोन टाक्यांच्या मध्ये घट्ट बसवायची आणि पलीकडे काय पोचतं ते बघत राहायचं. अणुकचरा खडकात खोल पुरतात त्या खऱ्या डिस्पोजलच्या जवळचं हेच, कारण स्वित्झर्लंडच्या ओपालिनस क्लेसारख्या खडकात पाणी जवळजवळ वाहतच नाही. आणि अणुकचऱ्यातलंच आयोडीन-129 घ्यायचं असेल, हाफ-लाइफ सुमारे 1.57 कोटी वर्षं, तर बॅचला फारसा अर्थ नाही. आयोडाइड ऋणभारित, क्लेचा पृष्ठभागही बहुतेक ऋणभारित, केडी शून्याजवळ येतो आणि गोष्ट तिथेच संपते. डिफ्यूजनमध्ये मात्र दिसतं की त्याच भारामुळे त्याला बारीक छिद्रांत नीट शिरताच येत नाही, म्हणजे चिकटत नसलं तरी खडक त्याला थोडं अडवतो, मला हा भाग सगळ्यात आवडतो. सिझियमला चकती पार करायला महिनोन्महिने लागतात, सबमिशन तोवर थांबत नाही.

आणि सत्तरी-डिचोलीकडची जांभ्याची माती जवळ मिळते म्हणून तीच एकटी घेऊ नका, तिच्यात मुख्यतः केओलिनाइट हे क्ले-खनिज आणि लोहाची ऑक्साइडं, सिझियम कमीच धरते. कच्छच्या बेंटोनाइट या फुगणाऱ्या क्लेशेजारी ठेवून मोजली तर फरक दिसेल. दोन सेमिस्टर हातात असतील तर आयोडाइडचं डिफ्यूजन आणि सिझियमची बॅच दोन्ही करा, फक्त डिफ्यूजनच्या सेलसाठी, म्हणजे त्या दोन टाक्या आणि चकतीच्या जोडणीसाठी, वर्कशॉपवाल्याला पहिल्याच आठवड्यात गाठा.