रोशनक नाव शोधलं त्या अ‍ॅपबद्दल, ५ पैकी ३ स्टार

मुलीसाठी 'रोशनक' हे फारसी नाव मनात होतं म्हणून बाळांच्या नावांचं एक अ‍ॅप घेतलं. सर्च फास्ट आहे, उच्चाराचा ऑडिओ तर अगदी छान, शेवटचा 'क' नीट ऐकू येतो. पण लोकप्रियतेचा ग्राफ बघितला आणि खट्टूच झाले, सरळ शून्य! मग कळलं की आकडे अमेरिकेच्या सोशल सिक्युरिटी या सरकारी खात्याच्या बाळांच्या नावांच्या यादीतले आहेत आणि त्या यादीत वर्षाला ५ पेक्षा कमी बाळांना ठेवलेलं नाव छापतच नाहीत, शिवाय प्रत्येक स्पेलिंग वेगळं मोजतात, म्हणजे शून्य दिसलं तरी नाव कुणी ठेवलंच नाही असं नाही ना. हे अ‍ॅपने तिथेच एका ओळीत सांगायला हवं होतं, आईबाप उगाच नाव सोडून देतील.

अर्थ 'पहाट' दिलाय, तोही चुकीचा. रोशन म्हणजे उजळ, आपली रोषणाई त्यातलीच, आणि शेवटचा 'अक' हा लाडाचा प्रत्यय, म्हणजे इवलासा उजेड. सिकंदराने इ.स.पू. ३२७ मध्ये जिच्याशी लग्न केलं ती रोक्साना म्हणजे फारसीतली रोशनकच, पण अ‍ॅपमध्ये दोन्ही नावं एकमेकांना जोडलेलीच नाहीत. आम्ही नाव पक्कं केलंय, ग्राफ काही का म्हणेना.