ढोलाच्या दुसऱ्या दिवशी कान तपासायला गेलो

नाशिकरोडला कान तपासणीचं एक छोटं क्लिनिक आहे. दोन वर्षं दर सहा महिन्यांनी जातोय, म्हणून लिहितो.

मी तोफखान्यातला. 1999 ला कारगिलमध्ये बोफोर्सवर होतो. 155 मिलिमीटरची तोफ, तिच्यापुढे कानातले बोळे काय टिकणार! रिटायर होताना मेडिकल बोर्डानं 20 टक्के अपंगत्व लिहिलं, पेन्शनसाठी राउंड ऑफ करून ते 50 धरतात. पुढे दहा वर्षं मी डॉक्टरकडे फिरकलोच नाही. नस गेलीय, औषध नाही, जाऊन करायचं काय? आता आणखी कमी ऐकू येतं, पुन्हा बोर्ड बसवा म्हणून अर्ज करायचाय, तर मधल्या दहा वर्षांचा एक कागद हातात नाही.

पहिल्यांदा गेलो ते नेमका विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी, सिन्नरहून एसटीनं. कान तपासणाऱ्या मॅडमनी विचारलं, "काका, काल रात्री कुठे होतात?" म्हटलं, मिरवणुकीत, नातवाच्या पथकाचा ढोल होता. "मग आज तपासणार नाही. ढोलानं कान बधिर झालेत, आहेत त्याहून वाईट दिसतील. पुढच्या वेळी सुधारलेले दिसतील. असे दोन कागद बोर्डासमोर ठेवलेत तर तुमच्यावर कोण विश्वास ठेवणार?" डोकं तापलं माझं. पण चौथ्या दिवशी परत गेलो.

काचेच्या खोलीत बसवतात, हातात बटण देतात, बारीकशी शिटी ऐकू आली की दाबायचं. नंतर आलेख समोर ठेवला. उजव्या कानाचे लाल गोल, डाव्याच्या निळ्या फुल्या, रेघ जितकी खाली तितकं कमी ऐकू येतं. 4000 हर्ट्झला, म्हणजे बारीक, उंच आवाजाला, दोन्ही रेघा विहिरीत उतरल्यासारख्या, 8000 ला जरा वर. मोठ्या आवाजानं गेलेला कान बहुधा असा दिसतो. नुसत्या वयानं गेलेला असता तर रेघ 8000 ला आणखी खाली गेली असती, हे त्यांनी बोटानं दाखवून सांगितलं. एवढं मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. रिपोर्टवर तारीख, सही, नोंदणी क्रमांक, मशीन कधी तपासून घेतलं तेही. त्याची झेरॉक्स मी ईसीएचएस (माजी सैनिकांची आरोग्य योजना) पॉलिक्लिनिकमध्ये नेऊन डॉक्टरांच्या नोंदीत घालून घेतो.

तक्रारी आहेत. ईसीएचएसच्या पॅनेलवर नाहीत, पैसे खिशातून. आणि कानाच्या दवाखान्यात नंबर हाक मारून पुकारतात, तेही मास्क लावून! ओठ दिसत नाहीत, दोनदा माझा नंबर गेला. कानात घालायचं मशीन विकत घ्याच म्हणून मात्र मागे लागत नाहीत. ते ईसीएचएसमधून मिळतं, आधी तिकडे विचारा असं स्वतःच म्हणाल्या.

पाचपैकी चार. पुढची तारीख मार्चमध्ये होती, पण त्याच्या आदल्या दिवशी पुतण्याची वरात आहे, डीजे ठरलाय. आठवडाभर पुढे ढकलून घेतली.