प्रवाळातली डाइव्ह: सकाळची घ्यावी की अंधार पडल्यावरची?

परवा रंकाळ्यावर फिरताना भाच्यानं विचारलं, “मामा, अंदमानात एकाच जादा डाइव्हचे पैसे उरतायत. दिवसाची घेऊ का रात्रीची?” त्याचा ओपन वॉटर, म्हणजे हवेचा सिलिंडर घेऊन स्कूबा डाइव्ह करायचा प्राथमिक कोर्स झालाय. हॅवलॉकला, म्हणजे आताच्या स्वराज द्वीपला, मी दोन्ही केल्यात. त्याला जे सांगितलं तेच इथं लिहितोय.

ज्यांनी फक्त मालवणला डुबकी मारलीय त्यांनी त्यावरून अंदाज बांधू नये. तिथं प्रशिक्षक आपल्याला धरून नेतो, तेही दिवसा, आणि किनाऱ्याजवळचं पाणी बऱ्याचदा गढूळ असतं. रात्री उतरायचं तर स्वतःचा तोल स्वतःला सांभाळता आला पाहिजे.

आपण कोल्हापूरची माणसं पाठीला डबा बांधून विहिरीत पोहायला शिकलेली. पाण्याची भीती नसते, पण श्वास रोखून धरायची सवय हाडात भिनलेली असते. स्कूबात नेमकं तेच करायचं नाही. 10 मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. तिथं छातीभर घेतलेली हवा रोखून कुणी वर आला, तर ती फुगत दुप्पट व्हायला बघते आणि फुप्फुसाला इजा होते. ही सवय मोडायला उजेड लागतो. वर होडीचा तळ दिसतोय, प्रशिक्षकाचे डोळे दिसतायत, सिलिंडरमध्ये किती हवा उरली ते सहज वाचता येतंय, अशा वेळी मन शांत राहतं. म्हणून सुरुवातीच्या डाइव्ह दिवसाच्याच असाव्यात, यात मला काडीची शंका नाही.

दिवसाचं मुख्य सुख म्हणजे ऐसपैस नजर. पाणी स्वच्छ असेल तर प्रवाळाचा अख्खा उतार, त्यावरून वळणारे माशांचे थवे, सगळं एकदम दिसतं. एका खडकापाशी मोठा मासा तोंड उघडून थांबला होता आणि क्लीनर रास नावाचा बोटाएवढा मासा त्याच्या कल्ल्यात शिरून सफाई करत होता. असा बाजार दिवसाच भरतो.

रंगांच्या बाबतीत मात्र दिवस फसवतो. गुजरीत, म्हणजे आमच्या सराफ पेठेत, पोवळं मागितलं की लालभडक मणी पुढं येतो. तो रंग डोक्यात घेऊन उतरलेला माणूस हिरमुसतो, कारण पाणी आधी लाल रंगच गिळतं. पाचेक मीटरवर तो फिका पडतो, आणखी खाली सगळं निळसर-राखाडी दिसतं. रात्री टॉर्च हातभर अंतरावरून मारता. उजेडाला फार पाणी कापावं लागत नाही, म्हणून लाल लालच दिसतो. खरे रंग मी पहिल्यांदा पाहिले ते अंधारात.

आणि प्रवाळ जिवंत आहे हे पटतं तेही रात्रीच. सकाळी ज्या दगडाला मी खडबडीत आणि तपकिरी समजून ओलांडून गेलो, त्याच्यासमोर संध्याकाळी पाच मिनिटं थांबलो. भोकाभोकातून इवली फुलं उमलली होती. ती फुलं नव्हेत, प्रवाळाचे जीव, पॉलिप. दिवसा बरेचसे आत मिटून बसतात. रात्री पाण्यातले सूक्ष्म प्राणी वर येतात, तेव्हा हे शुंडके पसरून त्यांना पकडतात. जवळच एका कपारीत पॅरटफिश झोपला होता, अंगाभोवती स्वतःच्या चिकट द्रवाचा पारदर्शक कोष विणून. शेवंडं, खेकडे बाहेर पडलेले, कोळंबीचे डोळे टॉर्चमध्ये निखाऱ्यासारखे लाल. शेवटी प्रशिक्षकानं टॉर्च छातीशी दाबायला लावला. हात हलवला की पाण्यात निळसर ठिणग्या उडत होत्या. सूक्ष्म जीवांचा तो उजेड बघताना मी अक्षरशः थरारलो.

पण दिसतं ते टॉर्चच्या झोतापुरतंच. बंद अंधाऱ्या खोलीत ज्याला घुसमटतं त्यानं हट्ट करू नये. एकदा भाड्याचा टॉर्च मधेच मंदावला. दुसरा जवळ होता म्हणून डाइव्ह पुरी झाली, नाहीतर तिथूनच वर यावं लागलं असतं. दोन टॉर्च देत नसतील तर उतरू नका. खुणा आधी ठरवा: टॉर्चनं गोल फिरवलं की ‘ठीक’, झोत सावकाश आडवा हलवला की ‘इकडं बघ’. दुसऱ्याच्या डोळ्यांत उजेड मारायचा नाही.

भाच्याला मी रात्रीची घे म्हणालो. कोर्सच्या चार डाइव्ह झाल्यात, तिथं दिवसाच्या दोन होणारच आहेत. अट एकच: त्याच दिवशी सकाळी पाहिलेल्या जागीच उतरायचं, तेही सकाळपेक्षा उथळ. नवीन जागा आणि अंधार दोन्ही एकदम नकोत. ज्याचे कान अजून खाली जाताना दुखतात, ज्याची हवा बाकीच्यांच्या आधी संपते, त्यानं ते पैसे दिवसाच्या डाइव्हला लावावेत.

वेळेचं गणितही सोपं आहे. डिसेंबरात कोल्हापुरात सूर्य सहाला मावळतो, अंदमानात पाचच्या सुमारास. त्यामुळं रात्रीची डाइव्ह उरकून माणूस सातपर्यंत किनाऱ्यावर असतो. दुपारी जेवण हलकं ठेवायचं, रस्सा ओरपायचा तो परत आल्यावर. आणि लागोपाठ डाइव्ह झाल्या की किमान 18 तास विमानात बसायचं नाही, म्हणून ही डाइव्ह परतीच्या आदल्या संध्याकाळी न ठेवता त्याच्या एक दिवस आधी ठेवायला त्याला सांगितलंय.