सेल्समधला ऑब्झर्व्हर: छापून बघावा की थांबवून?

केनी टिल्टन यांच्या ‘सेल्स’ या लायब्ररीत (ती कॉमन लिस्प या प्रोग्रामिंग भाषेसाठी आहे) एक सेल, म्हणजे किंमत धरून ठेवणारा कप्पा, बदलला की त्यावर अवलंबून असलेले सेल आपोआप बदलतात आणि त्यांचे ऑब्झर्व्हर, म्हणजे बदल झाला की चालणारा कोड, चालतात. ऑब्झर्व्हर नको तेव्हा चालला, तर शोध कसा घ्यायचा?

मी आधी ऑब्झर्व्हरमध्ये ‘ब्रेक’ ही प्रोग्राम तिथेच थांबवणारी आज्ञा टाकतो. डीबगर उघडतो, बॅकट्रेसमध्ये (कोणी कोणाला बोलावलं त्या यादीत) खाली उतरत गेलं की किंमत बदलणाऱ्या कोणत्या ‘सेटएफ’ने ही साखळी सुरू केली ते नेमकं सापडतं. ‘फॉरमॅट’ या छापण्याच्या आज्ञेची ओळ हे सांगत नाही.

पण ऑब्झर्व्हरमधूनच दुसरा सेल बदलायचा असेल, तर तो बदल ‘विथ-इंटेग्रिटी’ने रांगेत टाकावा लागतो. रांगेतलं काम सुरू होईपर्यंत तो ऑब्झर्व्हर संपून स्टॅकवरून (चालू कामांच्या थप्पीवरून) गेलेला असतो, त्यामुळे बॅकट्रेस अर्धवट राहतो. इथे छापणंच बरं: नवी किंमत, जुनी किंमत आणि जुनी किंमत मुळात होती का, तिन्ही छापा. तिसरी ‘निल’ (म्हणजे ‘नाही’) आली, तर तो बदल नव्हे, ऑब्जेक्ट नुकताच जन्मलाय.

ऑब्झर्व्हर चालतच नसेल तर मात्र दोन्ही उपाय मुके. तेव्हा सेलमधली यादी जागच्या जागी बदलली आहे का ते आधी बघा. नवी आणि जुनी किंमत एकच आहे का हे तपासणाऱ्या ‘ईक्यूएल’ला ती जुनीच वाटते.