जुन्या फियाटच्या नावाखाली माझे 18,500 रुपये गेले

परभणीत अण्णांनी वीस वर्षं एका डॉक्टरांची फियाट चालवली. पंच्याहत्तरीला त्यांना तशाच गाडीतून दौलताबाद, भद्रा मारुती, घृष्णेश्वर, वेरूळ करून आणायचं, एवढीच माझी इच्छा होती.

मोबाइलवर जाहिरात दिसली: 1968ची पद्मिनी, म्हणजे तीच फियाट, ड्रायव्हरसह दोन दिवस, भाडं 14,000. बुकिंगचे 5,000 घेतले. मग परत मिळणारं डिपॉझिट म्हणून 10,000. निघायच्या आदल्या रात्री परमिटचे 3,500. पुढचं तुम्ही ओळखलंच असेल, गाडी आलीच नाही. अण्णा पहाटे पाचला नवं धोतर नेसून ओट्यावर बसले, ते दहापर्यंत उठले नाहीत.

मला जाळतंय ते वेगळंच. फोटो बघताच अण्णा म्हणाले होते, "कारे, अडुसष्टची अन् पद्मिनी? तवा नुसती फियाटच म्हणायचे. अन् गिअर खाली कसा? आमचा स्टिअरिंगला होता." मीच त्यांना गप्प केलं, "बदलून घेतला असंल." वीस वर्षं ज्यांनी तो गिअर टाकला, त्यांचं मी ऐकलं नाही! शिवाय संभाजीनगरचा म्हणवणारा माणूस मंगळवारी वेरूळ दाखवणार होता. मंगळवारी लेणी बंद असतात, हे तिथलं शेंबडं पोरही सांगेल.

मी अडाणी नाही. त्यानं आरसी पाठवली, आधार पाठवलं, व्हिडिओ कॉलवर गाडी दाखवली. आणखी काय तपासायचं होतं? हो, नंबरप्लेट. तिच्यावर 'व्हीए' होतं. 2021च्या नियमानुसार ही मालिका पन्नास वर्षांवरच्या हौशी गाड्यांची. अशी गाडी भाड्यानं देताच येत नाही. भाड्याच्या गाडीची प्लेट पिवळी असते. एवढं बघा आणि तिथंच फोन ठेवा.

पोलिस ठाण्यात म्हणाले सायबरला जा. सायबरवाले म्हणाले ऑनलाइन टाका. बँकेत साहेब म्हणतात, पैसे तुम्हीच पाठवले, आम्ही काय करणार? आरटीओतल्या बाबूनं नंबर खोटा असल्याचं तोंडी सांगितलं, लेखी मागितलं तर जेवायला उठला. चार कचेऱ्या, तीन दिवसांची रजा, आणि प्रत्येक जण विचारतो, "शिकलेले असून कसे फसलात?" चोराला शोधायचं सोडून माझीच उलटतपासणी! सायबर फसवणुकीची तक्रार घेणाऱ्या 1930 या नंबरला मी तिसऱ्या दिवशी फोन केला, तोवर त्याचं खातं रिकामं. तुम्ही त्याच तासाला करा, लाजत बसू नका.

काल पुतण्यानं तोच फोटो दाखवला. गाडी आता लातूरला आहे म्हणे, भाडं 12,000. प्लेट तीच.