पुणे–दापोली–गुहागर: कॅरॅव्हॅन भाड्याने घ्यावी की सरळ खोली करावी?

चौघांचं कुटुंब, चार दिवस आणि तीन रात्री. पुण्याहून ताम्हिणीमार्गे माणगाव आणि दापोली, दाभोळ–धोपावे फेरीबोटीने खाडीपलीकडे गुहागर, परतताना चिपळूण आणि कुंभार्ली घाट. इकडेतिकडे फिरणं धरून साधारण ६०० किलोमीटर. या दौऱ्याला बेड, स्वयंपाकाचा ओटा आणि टॉयलेट असलेली गाडी चालकासह घेणं परवडतं का? पैशात बघाल तर नाही, आणि फरक किरकोळ नाही.

भाडी गाडीगणिक आणि हंगामागणिक बदलतात, म्हणून हे आकडे नमुन्याचे समजा आणि हाती आलेलं कोटेशन त्यात बसवून बघा. भाडं दिवसाला १२,००० धरलं तर चार दिवसांचे ४८,०००. टेम्पो ट्रॅव्हलरच्या चासीवर बांधलेली गाडी लिटरला ९ किलोमीटर देईल, म्हणजे ६७ लिटर डिझेल, अंदाजे ६,०००. चालकाचा भत्ता ३,२००. रात्री कुणाच्या अंगणात गाडी लावून वीज, पाणी आणि न्हाणीघर वापरण्याचे रोज १,००० प्रमाणे ३,०००. टोल, फेरी आणि किरकोळ १,५००. बेरीज ६१,७००. हाच दौरा स्वतःच्या गाडीने केला तर पेट्रोल ४,२००, घरगुती निवासात अडीच हजाराच्या दोन खोल्या तीन रात्री म्हणजे १५,०००, टोल आणि फेरी ८००. झाले २०,०००.

‘पण स्वयंपाक आपलाच, जेवणाचे पैसे वाचतात’ हा मुद्दा हमखास येतो. चौघांचं चार दिवसांचं जेवण दिवसाला २,४०० प्रमाणे ९,६०० होतं. ते सगळंच्या सगळं वाचलं तरी ४१,७०० ची तफावत भरत नाही. शिवाय गुहागरला जाऊन गाडीत मॅगी करायची आणि समोरच्या घरातलं सोलकढी-मोदकांचं ताट सोडायचं, यात कसली बचत!

पैसे बाजूला ठेवू. गाडी जे कबूल करते ते देते का? इथे पहिला अडथळा विजेचा. जाहिरातीत ‘एसी बॅटरीवर चालतो’ असं असतं. १२.८ व्होल्ट, २०० ॲम्पिअर-अवरच्या लिथियम बॅटरीत अडीच युनिट वीज मावते, वापरायला मिळतात दोन. एक टनाचा एसी तासाला एक युनिटच्या आसपास खातो. म्हणजे दोन-अडीच तास, मग पंखा. छतावरच्या ४०० वॅटच्या सोलरमधून दिवसभरात दीड युनिटच्या आसपास येतं. फ्रिज, दिवे आणि पंख्याला ते पुरतं, एसीला नाही. कोकणातल्या मे महिन्याच्या दमट रात्री बाहेरची वीज जोडल्याशिवाय झोप नाही.

ती वीज घरगुती निवासातून घेताना पाच ॲम्पिअरच्या सॉकेटला हात लावू नका. पंधराचं सॉकेट मागा आणि अडीच चौरस मिलिमीटर जाडीची, पूर्ण उलगडलेली केबल वापरा. गुंडाळी तशीच ठेवली तर ती तापते. एसी चालू असताना गीझर लावला की एमसीबी पडू शकतो. सॉकेटला अर्थिंग नसेल तर गाडीच्या पत्र्याला हात लावताच झिणझिण्या येऊ शकतात, म्हणून जोडण्याआधी अर्थिंग दाखवणारा सॉकेट टेस्टर लावून बघा.

दुसरा अडथळा टॉयलेट. कॅसेटची, म्हणजे टॉयलेटखालची काढून रिकामी करायची मैल्याची टाकी साधारण २० लिटरची असते, चौघांनी नीट वापरली तर एका दिवसात भरते. ती रिकामी करायची सोय या रस्त्यावर जवळपास नाहीच. महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण आणलं, त्यात गाड्यांबरोबर कॅरॅव्हॅन पार्कचाही विचार आहे. पण दापोली-गुहागर पट्ट्यात व्यवहारात यजमानाचं अंगणच वापरावं लागतं. टाकीतलं वास मारणारं निळं रसायन न विचारता त्यांच्या सेप्टिक टँकमध्ये ओतू नका, त्यातले मैला कुजवणारे जीवाणू मरतात. विहीर जवळ असेल तर आणखी जपा. सरळ उपाय म्हणजे रात्री यजमानांचं संडास वापरायचं आणि गाडीतलं प्रवासापुरतं ठेवायचं. मग भाडं कशाचं भरलं, हा प्रश्न उरतोच.

समुद्रासमोर गाडी लावून झोपायचं चित्र तर विसराच. साडेतीन टनांची गाडी वाळूत रुतली की ट्रॅक्टर बोलवावा लागतो, आणि किनाऱ्यावर गाडी उतरवण्याला मनाई असते. सुरूच्या बनात थांबायचं तर परवानगी लागते. दापोलीजवळच्या आंजर्ले किंवा मुरुडच्या वाड्यांमधून चिऱ्याच्या दोन गडग्यांच्या (कुंपणाच्या भिंतींच्या) मध्ये तीन मीटर उंच गाडी घालणं हे चालकाच्या रक्तदाबाचं काम आहे. वर आंब्या-फणसाच्या फांद्या आणि विजेच्या लोंबत्या तारा. छतावरचे ओरखडे हे अनामत परत मिळताना वाद होण्याचं नेहमीचं कारण, म्हणून ताबा घेताना छताचेही फोटो काढा.

तंबूशी तुलना केली तर चित्र थोडं बदलतं. भंडारदरा किंवा साम्रदसारख्या ठिकाणी, जिथे खोल्या मोजक्या असतात, तिथे कोरडा बेड आणि बंद दार याला किंमत आहे. पावसात तर जास्तच, फक्त घाटातल्या दरडी आणि अंधारातला प्रवास टाळायचा. ज्यांना तासातासाला लघवीला जावं लागतं किंवा अधूनमधून आडवं व्हावं लागतं अशा ज्येष्ठांसाठी, तान्ह्या बाळासाठीही ही गाडी खरंच उपयोगी पडते. तिथे ४१,७०० चा फरक चैनीचा राहत नाही.

तरीही हौस असेल तर एकच रात्र घ्या, बाकीच्या दोन रात्री खोलीत काढा. ठरवण्याआधी लेखी विचारा: रोजची किलोमीटर मर्यादा गॅरेजपासून मोजतात का, जीएसटी धरलाय का, चालक झोपणार कुठे (बहुतेकदा त्याच्यासाठी वेगळी खोली तुमच्याच खर्चाने). बेड चार म्हणजे सीटबेल्ट चार असतातच असं नाही, तेही मोजा. चालकासह येणाऱ्या गाडीची पाटी पिवळी, अक्षरं काळी असायला हवीत. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्याने देत असतील तर अपघातात विमा कंपनी हात वर करू शकते. ताब्यात घेताना बाहेरची वीज काढून एसी वीस मिनिटं चालवा आणि बॅटरीची टक्केवारी किती उतरते ते पाहा. पंचवीसच्या वर उतरली तर बॅटरी थकलेली आहे, दुसरी गाडी मागा.